उडी टाकण्याआधी दोर टाका



पोळ्याला आपण बैल धुवायला पाण्यावर नेतो, गणपती बोळवायलाही पाण्यावरच जातो. अशा सणाच्या दिवशी एखाद्या घरचा मुलगा बुडाला, की साऱ्या गावाची चूल थंड पडते. म्हणून या खेपेस बुडणाऱ्याला वाचवणाऱ्यांविषयी बोलू.

लासलगावहून निफाड ओलांडून नाशिकच्या वाटेला लागले, की गोदाकाठची चांदोरी येते. पलीकडे सायखेडा. वर गंगापूर आणि दारणा धरणांचे पाणी सुटते, खाली नांदूरमध्यमेश्वरचा फुगवटा, आणि मध्ये ही गावे. २०१६ आणि २०१९ साली पूर घरादारांत शिरला. पुराशी असा कायमचा शेजार म्हणून चांदोरीच्या तरुणांनी आपत्ती व्यवस्थापन समिती उभी केली. ही पगारी माणसे नव्हेत, स्वयंसेवक आहेत. कुणी नदीत वा विहिरीत बुडाले, की निरोप यांच्याकडे जातो.

सरकारी दल नाही का? आहे. पण राज्याचे आपत्ती दल धुळ्याला आणि नागपूरला, केंद्राचे पुण्याजवळ. तिथून यायला तास लागतात. बुडालेल्याचा श्वास थांबला, की चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. म्हणजे पहिली मिनिटे ना धुळ्याची, ना चांदोरीची. ती काठावर उभ्या असलेल्या तुमची-आमची आहेत.

स्वयंसेवकांसाठी सरकारची 'आपदा मित्र' योजना आहे. तिच्यात शिक्षण मिळते. या कामातला पहिला धडा ऐकून नवल वाटेल: लगेच उडी टाकू नका. बुडणारा घाबरून गळ्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन जातात. आधी हाक द्यायची, मग काठी किंवा धोतर पुढे करायचे, मग दोर वा फुगवलेली ट्यूब फेकायची, मग होडी. पोहत जाणे सर्वांत शेवटी, तेही कमरेला दोर बांधून आणि शिकलेल्या माणसानेच.

पाणबुड्याचे काम तर आणखी अवघड. पुराच्या गढूळ पाण्यात स्वतःचा तळहात दिसत नाही. तळाशी हातांनी चाचपत शोधायचे असते. त्याच्या दोराचे दुसरे टोक काठावरच्या सोबत्याच्या हाती असते आणि बोलणे होते ते दोराच्या हिसक्यांनी. किती हिसके म्हणजे काय, हे आधी ठरलेले असते. नुसती हिंमत इथे पुरत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढणारी होडीच उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. होडीत किती माणसे घ्यायची आणि प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट आहे की नाही, हे सुटण्याआधी पाहायलाच हवे.

आता आपल्या घरचे बघा. कांद्याच्या पाण्यासाठी आपल्या भागात शेततळी झाली. त्यांतला प्लॅस्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो, की पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. तेव्हा चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावरच्या पक्क्या खुंट्यांना बांधून आत सोडा. दोन जुन्या ट्यूबा हवा भरून जवळ टांगा. भोवती कुंपण घाला. विहिरीवरही एक दोर कायम राहू द्या. या साऱ्याला खर्च तो किती?

माणूस बाहेर काढल्यावर त्याला गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर उताणा निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा श्वास द्या. हालचाल दिसली नाही, तर छातीच्या मध्यावर ३० वेळा जोराने दाबा आणि २ श्वास द्या. हे चालू ठेवा. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांक फिरवावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

ही विद्या वाचून येत नाही, हाताने करून येते. येत्या ग्रामसभेत विषय मांडा. शिकलेल्या स्वयंसेवकांना एक दिवस गावात बोलवा आणि शाळेच्या मुलांना, आयाबायांनाही पुढे बसवा. धुण्याला आणि पाण्याला त्याच जातात, मूल बुडताना पहिली हाक त्यांच्याच कानी येते. त्या वेळी त्यांच्या हाताशी दोर असावा, आणि तो कसा फेकायचा हे त्यांना ठाऊक असावे.