कपाट नावाचा बग

आमच्या फ्लॅटमध्ये ड्रेसिंग रूम आहे. हसू नका, खरंच आहे. म्हणजे बेडरूम आणि तिच्या बाथरूमच्या मधे ५ फूट बाय ७ फुटांचा एक बोळ आहे आणि ब्रोशरमध्ये त्याला 'वॉक-इन वॉर्डरोब' म्हटलं होतं. चौरस फुटाला साडेआठ हजार या दराने ३५ चौरस फुटांचे जवळजवळ ३ लाख होतात. एवढे पैसे मोजल्यावर तो बोळ रिकामा ठेवणं जिवावर येतं. तसं ते आमच्याही आलं आणि आम्ही तो भरला. आज त्या भरण्याबद्दलच भांडायचंय.

तर झालं असं. इंटिरियरवाल्याने थ्रीडी चित्र पाठवलं. एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत २ फूट खोल कपाट, त्याला चकचकीत सरकते दरवाजे आणि वर लॉफ्ट. समोरच्या भिंतीला आरसा आणि ड्रॉवर. चित्रात सहा शर्ट लटकत होते, सगळे एकाच रंगाचे. एक हॅट होती. (आमच्या खानदानात हॅट कोणी घातलेली नाही.) मी हापिसात जेवणाच्या सुट्टीत ते मोबाइलवर बघितलं, दोन बोटांनी मोठं केलं, 'छान आहे, पुढे जाऊ या' असं लिहून पाठवलं आणि दही-भाताकडे वळलो. एकूण वेळ पाच मिनिटं.

हे मी केलं. जो माणूस दीड ओळीच्या बदलासाठी दोन दिवस रिव्ह्यू मागतो, त्याने.

त्या चित्रात काय नव्हतं? आईच्या ६४ साड्या नव्हत्या. चार गोधड्या, दोन गाद्या, पाहुण्यांच्या चादरी, बाबांचा लग्नातला कोट, 'असू दे, लागेल' म्हणून ठेवलेलं बोचकं, यातलं काहीच नव्हतं. आणि मुख्य म्हणजे चित्रात पाच फूट उंचीची, साठी ओलांडलेली बाई नव्हती.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला पाहुणे येणार होते. मी हापिसात, बायको बाजारात. आईला जास्तीची गादी हवी होती. गाद्या लॉफ्टमध्ये, कारण 'रोज न लागणारं सामान वर' असा आमचा शहाणपणाचा नियम. लॉफ्टची फळी ७ फुटांवर. आईने प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं, दोन्ही हातांनी गादी ओढली, गादी आली आणि तिच्याबरोबर आईही खाली आली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. त्या दिवाळीत पाहुण्यांना चहा मी केला, चकल्या विकतच्या होत्या आणि आई सोफ्यावर बसून सगळ्यांना एकच सांगत होती, "माझंच चुकलं, मीच घाई केली."

इथे माझं डोकं फिरलं. कारण हे वाक्य मी रोज ऐकतो, फक्त आमच्याकडे ते युजर बोलत नाही, आम्ही बोलतो. 'युजर एरर' असा शेरा मारायचा आणि बग बंद करायचा. खरं तर दहातल्या आठ लोकांनी चुकीचं बटण दाबलं तर चूक बटणाची असते. कपाटाचंही तेच. सगळ्यात जड वस्तू सगळ्यात उंच ठेवायला लावणारं कपाट हे डिझाइन नाही, तो सापळा आहे. आणि तो सापळा मी मंजूर केला होता.

प्लॅस्टर निघेपर्यंत मी बरंच वाचलं. (दुसरं काय करणार, इंजिनियर आहे.) १९२६ साली मार्गारेट शुटं-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम २ मीटर बाय साडेतीन मीटरचं, म्हणजे आमच्या बोळाचंच मोठं भावंडं. त्यांनी आधी चित्र काढलं नाही. आधी कामं मोजली, त्यांना लागणारा वेळ मोजला, बाई ओट्यापासून कुठे आणि किती वेळा चालते ते पाहिलं. फळ्या आणि खण त्यानंतर. मग ल कॉर्ब्युझिए, चंदीगडवाला. त्याने 'मॉड्युलॉर' नावाची मापपट्टी बनवली. तिच्यातला आदर्श माणूस १.८३ मीटर, म्हणजे ६ फुटांचा, आणि त्याने हात वर केला की बोटं २.२६ मीटरवर पोचतात. साधारण ७ फूट ५ इंच. आमचा लॉफ्ट त्या माणसाला सहज जमला असता. तो आमच्याकडे राहत नाही, एवढीच अडचण.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. छोट्या ड्रेसिंग रूममधल्या कपाटाची उंची घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाच्या हाताने ठरवा आणि खोली कपड्याच्या घडीने. कॅटलॉगने नाही, छताने तर नाहीच.

आता जरा हिशोब.

२ फूट खोली कुठून येते? हँगरवरून. हँगरला शर्ट आडवा लटकला की दरवाज्यासकट जवळपास तेवढी जागा लागते. ठीक. पण आपण लटकवतो काय? आमच्या घरात मोजलं तेव्हा लटकवण्याचे कपडे निघाले २१. बाकी सगळं घडीचं. आईच्या साडीची घडी १५ इंच बाय ११ इंच. ती २४ इंच खोल फळीवर ठेवली की मागे ९ इंच उरतात. त्या ९ इंचांत मग दुसरी रांग लागते आणि त्या रांगेतला कपडा पुन्हा दिसतो तो पुढच्या वर्षी. माझा एक स्वेटर असाच दोन हिवाळे बेपत्ता होता.

आमच्या कराडच्या जुन्या घरात भिंतीत फडताळ होतं. हात घातला की मागची भिंत लागायची. काहीही हरवायचं नाही. रोजचे कपडे खुंटीवर. ते बनवणाऱ्याने कुठला सेमिनार केला नव्हता, घरातल्या माणसाचा हात पाहिला होता.

फळ्यांमधलं अंतर घ्या. आम्हाला मिळालं होतं १५ इंच. त्यात डझनभर साड्या रचल्या जातात आणि खालून तिसरी काढली की वरच्या नऊ अंगावर येतात. सहा साड्यांची चळत ठेवली तर १० इंच पुरतात. ३ फुटांच्या खणात अशा तीन चळती, म्हणजे फळीला १८ साड्या. चार फळ्यांत ७२. आईच्या ६४ बसतात आणि आठांची जागा शिल्लक. (ती किती दिवस शिल्लक राहील ते सोडा.)

आणि फळी लांब ठेवायचा मोह टाळा. दर फुटाला तेवढंच वजन असेल तर लांबी दुप्पट केल्यावर झोळ सोळापट होतो. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी हे पाठ केलं होतं. उपयोग आत्ता झाला.

सरकत्या दरवाज्यांबद्दल तर बोलूच नका. रूळ आणि दोन पल्ले मिळून ३-४ इंच खोली खातात आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. बायकोला डावीकडचं हवं असतं तेव्हाच मला उजवीकडचं. सकाळी पावणेनऊला, हिंजवडीची बस गाठायची असताना. मुळात सरकते दरवाजे आले कशाला? कपाट २ फूट, समोरचे ड्रॉवर दीड फूट, मधे उरला दीड फूट, त्यात साधा दरवाजा उघडत नाही म्हणून. म्हणजे एका चुकीवर दुसरीचं ठिगळ.

शेवटचा मुद्दा पावसाचा. शेजारी बाथरूम, गरम पाण्याची वाफ, वर पुण्याचा जुलै. आमच्या कपाटाचा पार्टिकल बोर्ड बाथरूमकडच्या कडेला पहिल्याच पावसाळ्यात फुगला. आईच्या इरकलीला कुबट वास यायला लागला.

शेवटी मिस्त्रींना बोलावून सगळं उखडलं. आता एका भिंतीला १६ इंच खोल कपाट आहे. समोर फक्त आरसा आणि खुंट्या. मधे ३ फूट ८ इंच मोकळे, त्यामुळे साधे बिजागरीचे दरवाजे पूर्ण उघडतात. लटकवायच्या कपड्यांसाठी पुढे ओढायची दांडी, हँगर समोर तोंड करून. गाद्या-गोधड्या गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली. रेशमी साड्या बाबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून आईच्या डोळ्यांसमोर. प्लायवूड आयएस ७१० चं, बाथरूमच्या भिंतीपासून इंचभर लांब, दरवाज्यांना खाली-वर जाळी. लॉफ्ट नाही.

"लॉफ्ट नाही? मग सामान कुठे ठेवता?" हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. रास्त आहे. लॉफ्ट उतरवला तेव्हा त्यातून निघाले: टीव्हीचा खोका (टीव्ही केव्हाच भंगारात गेलेला), माझी डिग्रीची झेरॉक्स पुस्तकं, मोडका टेबलफॅन आणि तीन सूटकेसमधली एक चाकवाली. अशा ऐवजासाठी आईने मनगट मोडायचं? 'विकताना भाव कमी येईल' असंही एकाने सांगितलं. येऊ दे. घर विकायला किती वर्षं लागतील माहीत नाही, आई मात्र रोज कपाट उघडते.

इंटिरियरवाल्यांवर मी फारसा चिडलेलो नाही. त्यांना आपण चित्र मागतो, ते चित्र देतात. चिडायचं ते आपल्यावर. घरात सर्वांत जास्त वेळ कपाट हाताळणाऱ्या माणसाला आपण विचारतच नाही आणि ती माणसंही 'तुम्हाला आवडेल तसं करा रे' म्हणून मोकळी होतात. मीही नवीन कपाटाच्या वेळीच आईला पहिल्यांदा भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला आणि पेन्सिलीने खूण केली. ती म्हणाली, "अरे, शाळेत उंची मोजायचे तसं करतोयस." खूण ६ फूट २ इंचांवर आली. सगळ्यात वरची फळी तिच्या चार इंच खाली आहे.

मनगट गारठ्यात अजून दुखतं. स्टूल बाल्कनीत आहे, त्यावर तुळस ठेवलीये.

असो. तुमच्या घरी कपाटाचं काम निघणार असेल तर चित्र नंतर बघा. आधी टेप आणि पेन्सिल घ्या आणि आईला हाक मारा.