आपल्याच ठेव्याची चोरी कशाला?

कुकटपल्लीतील आपल्या घरांतून जुने चित्रपट चोरट्या संकेतस्थळांवरून पाहण्याची चाल पडू लागली आहे. ‘वर्गणी परवडत नाही’ ही त्यावरची सबब आम्हांस मुळीच मान्य नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 26 व्या कलमान्वये चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या वर्षानंतर 60 वर्षांनी संपतो. म्हणजे प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936), ‘श्यामची आई’ (1953) व कोंकणी ‘आमचें नशीब’ (1963) ही आज लोकांची मालमत्ता होय. ‘निर्मोण’ (1966) 2027 च्या आरंभी तीत येईल. गीतसंगीताचा हक्क निराळा असतो. म्हणून देवळाच्या सभागृहांत खेळ लावण्यापूर्वी तो तपासावा. घरी पाहणाऱ्यास मात्र इंटरनेट आर्काइव्हसारखी ग्रंथालये खुली आहेत. प्रसारभारतीने 2024 साली सुरू केलेल्या ‘वेव्हज्’वरही दूरदर्शनचा जुना ठेवा मिळतो. असे असता, जेथे कालचा चित्रपट लुटला जातो त्या चोरबाजारांत तुकोबांना उभे करावयाचे? शिवरायांचा नजराणा परत करणाऱ्या संताची याहून मोठी विटंबना कोणती? येथे उणीव पैशाची नाही, विवेकाची आहे. आणि मुले आपल्याकडे पाहून शिकतात, हे वडीलधाऱ्यांनी विसरू नये.