बारावीच्या पेपरातली पाचवीची चूक

‘डेरिव्हेटिव्हमध्ये पोरं कच्ची आहेत,’ ही तक्रार दर वर्षी प्रीलिमचे पेपर तपासताना स्टाफरूममध्ये ऐकू येते. पेपर जरा निवांत पाहिला, तर गडबड बहुतेकदा वेगळ्याच ठिकाणी सापडते.

१/एक्सचं डेरिव्हेटिव्ह मूळ व्याख्येवरून काढायचं आहे. व्याख्या पाठ असते. १/(एक्स + एच) वजा १/एक्स, सगळं भागिले एच, असं मुलगी नीट मांडते, लिमिट लिहायलाही विसरत नाही. मग छेद समान करायची वेळ येते. एकीच्या अंशात एक्स − एक्स + एच येतं, कारण कंस सोडताना वजाचं चिन्ह एचपर्यंत पोचतच नाही. उत्तर ऋणाऐवजी धन. दुसरी १/(एक्स + एच) चे सरळ दोन तुकडे करते : १/एक्स आणि १/एच. मग काटाकाट होऊन १ भागिले एच वर्ग उरतं आणि लिमिट अनंताकडे पळतं. हिला ‘लिमिट कळलेलं नाही’ असा शेरा देणं अन्यायाचं आहे.

इंटिग्रेशनमध्ये हाच रोग पुन्हा दिसतो. एक्स भागिले (एक्स वर्ग + १) आलं, की छेद फोडून दोन अपूर्णांक. ६/(२ + १) म्हणजे २. छेद फोडून ६/२ + ६/१ केलं तर ९. असा ताळा अर्ध्या मिनिटात होतो, पण फळ्यावर तो करतो कोण? पोर्शन संपवायचा असतो.

मूळ पाचवीत आहे. १/२ + १/३ = २/५. उत्तर चुकलं याचं एवढं नाही. अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी आलं, तरी मुलाला काहीच वावगं वाटत नाही, हे जास्त खटकतं. पावकी-निमकीची घोकंपट्टी परत आणा असं मी म्हणणार नाही. पण उत्तर कुठवर यायला हवं, हा अंदाज आपण आधी विचारत नाही. थेट लसावि काढायला लावतो.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अपूर्णांकांच्या आठ क्रिया आहेत आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गणिताध्यायात ग्रहांची तात्कालिक गती. ११५० च्या सुमाराला एकाच माणसाने दोन्ही लिहिलं. आपल्याकडे पाचवीच्या बाई आणि बारावीचे सर एका प्रशिक्षणाला क्वचितच बसतात.

जूनमध्ये आठवडाभर उजळणी घेण्यावर माझा फारसा विश्वास नाही. सुटे अपूर्णांक मुलं तेव्हा बरोबर सोडवतात. एक्स-एच आले की पुन्हा तेच. अपूर्णांक त्या गणितातच दुरुस्त करावा लागतो, तिथल्या तिथे.

म्हणून या प्रीलिमला एवढं करा. चूक दिसली की समासात लाल पेनाने इयत्ता लिहा. अपूर्णांक फसला, ५. कंस सोडताना चिन्ह गेलं, ८. साखळी नियमच चुकला, तर १२. शेवटी इयत्तावार मोजणी करा आणि मुलांची नावं झाकून नमुन्याची पानं आमच्याकडे पाठवा. मार्चच्या अंकात त्यांच्यासाठी जागा ठेवली आहे. प्राथमिकच्या शिक्षकांना ती वाचून राग येईल. त्यांची उत्तरं एप्रिलमध्ये छापू.