चेहऱ्यावरचा नूर

रमजानच्या या पानावर गेली काही वर्षं मी शीरखुर्म्याबद्दल, अत्तराबद्दल, उर्दू-मराठीच्या सोयरिकीबद्दल लिहीत आले. यंदा संपादकांना म्हटलं, एकदा कडू लिहू द्या. ते म्हणाले, किती कडू? म्हटलं, गोळीइतकं.

मला बायपोलर आहे. मराठीत त्याला द्विध्रुवी मनोविकार म्हणतात, आमच्या घरात नुसतं 'तब्येत' म्हणतात. २९ व्या वर्षी निदान झालं, आज मी ४५ वर्षांची आहे. या आजारात मन दोन टोकांना जातं. नैराश्याचं टोक लोकांना निदान दिसतं तरी. उन्मादाचं टोक दिसत नाही, कारण ते आनंदासारखं दिसतं. झोप उडते पण थकवा येत नाही, कल्पना थांबत नाहीत, पैसा हातात टिकत नाही, आणि जगातलं सगळं आपल्याला एकदम उमगलंय असं वाटतं. मी लिथियमची गोळी घेते. माझ्या विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना हे आजच कळेल.

२०१६ चा रमजान जूनमध्ये आला होता. आमच्या मिरजेहून लातूरला पाण्याच्या रेल्वेगाड्या जात होत्या, ते साल. रोजा चौदा तासांच्या वरचा. तोवर सहा वर्षं मी गोळीवर नीट होते, पण पीएच.डी.चा प्रबंध अडकला होता. लिथियमनं तोंडाला कोरड पडायची, फळ्यावर लिहिताना हात बारीक थरथरायचा, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागायचं. डॉक्टरांना सांगितलं तर ते 'चालायचंच' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्याच आठवड्यात नात्यातली एक आपा घरी आली. ती सप्लिमेंटचे डबे विकायची. दीड तास बसली, माझं सगळं ऐकून घेतलं. मग पलंगावर एकेक मांडत गेली. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, अश्वगंधा, मल्टिव्हिटॅमिन, कलौंजीचं तेल आणि नावातच 'ब्रेन' असलेली एक बाटली. "अगं, रोज्यात बदन साफ होतं. त्यात ते केमिकल कशाला टाकतेस? महिनाभर हे घे, बघ दिमाग कसा चालतो."

पहिल्या रोज्याला मी गोळी बंद केली. घरात कुणाला बोलले नाही.

दहाव्या रोज्यापर्यंत मी पिसासारखी हलकी झाले होते. रात्री तरावीहची नमाज, मग कुराण, मग प्रबंध, साडेतीनला सहेरीसाठी स्वयंपाकघरात. झोप दोन तास. एका रात्रीत चाळीस पानं लिहिली. (ती पुढं वाचली. त्यातली दोन ठेवण्यासारखी होती.) अम्मी म्हणाली, पोरीच्या चेहऱ्यावर नूर आलाय. शेजारच्या खाला दुआ मागण्यासाठी माझ्याकडं येऊ लागल्या. मलाही ती रमजानची बरकत वाटली. आपाला फोन करून 'ब्रेन'च्या आणखी चार बाटल्या मागवल्या.

एरवी रात्री दोनला जागी असलेल्या बाईला घरच्यांनी हटकलं असतं. रमजानमध्ये अख्खा मोहल्ला जागा असतो. जागरण, दानधर्म, प्रार्थनेत वाहणारे डोळे, सगळं इबादतीत जमा. उन्मादाला याहून चांगला पडदा मिळायचा नाही. आणि हे फक्त आमच्यात होतं असं नाही. नवरात्राच्या जागरणात, सप्ताहात, पारायणात 'अंगात तेज आलंय' म्हणून कौतुक झालेली आणि पुढच्या महिन्यात दवाखान्यात पोहोचलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

ओळखलं ते एका कापड दुकानदारानं. त्यांच्याकडं आमचं तीन पिढ्यांचं खातं. विसाव्या रोज्यानंतर तीन दिवसांत मी त्यांच्याकडून ६२ ड्रेस उधारीवर उचलले, गरीब मुलींना ईदसाठी. पहिल्या दिवशी त्यांनी पुण्याचं काम म्हणून भाव कमी केला. तिसऱ्या दिवशी माझ्या भावाला फोन केला, "भाईजान, ताईंची तब्येत बरी आहे ना? बोलणं फार भरभर चाललंय. आणि कपड्याचा रंगसुद्धा बघत नाहीत." अम्मीला, खालांना, मला स्वतःलाही जे दिसलं नव्हतं, ते त्या माणसाला एवढ्यावरून दिसलं. ती ईद मी दवाखान्यात काढली. शेठजींनी उरलेले ड्रेस परत घेतले, आणि आजतागायत हा विषय माझ्यासमोर काढलेला नाही.

आता बाटल्यांकडं वळते. मला पाडलं ते बाटल्यांनी की गोळी बंद केल्यानं? बहुधा गोळी बंद केल्यानं, आणि त्यावर झोप तुटल्यानं. पण बाटल्यांचाही हात होता का, हे डॉक्टरांना सांगता येईना, कारण मी पाच नव्या गोष्टी एकदम सुरू केल्या होत्या आणि 'ब्रेन'च्या बाटलीत नेमकं काय आहे हे तिच्या लेबलावरून धड कळत नव्हतं. एक ओळ मात्र होती, ती मी तेव्हा वाचली नाही. आपल्याकडं अशा उत्पादनांवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' छापावं लागतं. औषध म्हणून वापरू नका, असं विकणाराच लिहून देतो. सांगत मात्र नाही.

सप्लिमेंट म्हणजे सगळी फसवणूक, असं मी म्हणत नाही. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ वर बायपोलरमध्ये खरंच काम झालंय. १९९९ मध्ये अमेरिकेत ३० रुग्णांवर चार महिन्यांचा प्रयोग झाला, त्यात फायदा दिसल्यावर मोठा गाजावाजा झाला. नंतरच्या अभ्यासांनी तो उत्साह खाली आणला. नैराश्याच्या टोकाला थोडा उपयोग दिसतो, उन्मादाला नाही. अश्वगंधेचंही तसंच. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये बायपोलरच्या रुग्णांना आठ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम अर्क दिला, आणि स्मरण-एकाग्रतेच्या काही चाचण्यांत ते थोडे पुढं गेले. माझी तक्रार होती ती नेमकी हीच! पण त्या रुग्णांची नेहमीची औषधं चालूच होती आणि डॉक्टरांची नजर होती. आपानं मला अश्वगंधा दिली, ती औषधाच्या जागी. याच अश्वगंधेनं काही जणांमध्ये उन्माद उसळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ती थायरॉइडवर परिणाम करू शकते, आणि लिथियमनं थायरॉइड आधीच मंदावू शकते. उदासीवर 'नैसर्गिक' म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट तर बायपोलरच्या माणसाला थेट उन्मादात ढकलू शकतं.

'नैसर्गिक' या शब्दावर मी आता हसते. लिथियम काय कारखान्यात जन्मलं? तो खडकात आणि झऱ्याच्या पाण्यात सापडणारा क्षार. १९२९ मध्ये आलेल्या सेव्हन-अपच्या मूळ कृतीतही तो होता. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. लिथियम आणि आपाची बाटली यांत फरक नैसर्गिक-अनैसर्गिकाचा नाही, मोजण्याचा आहे. माझ्या रक्तात लिथियम किती, हे ठरावीक महिन्यांनी तपासलं जातं. साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये असलं तर औषध, १.५ च्या वर गेलं तर विष. त्या बाटलीतलं माझ्या रक्तात किती उतरलं, हे कोण तपासणार होतं?

आणि रमजानमध्ये हा आकडा हलवणाऱ्या गोष्टी बाटलीबाहेरही असतात. पाणी कमी पडलं, उलट्या-जुलाब झाले, कुणी रक्तदाबासाठी मीठ एकदम तोडलं, तर लिथियम वाढतं. दिवसाचे पाच-सहा कप चहा अचानक बंद झाले तरी वाढू शकतं, कारण चहा-कॉफीतलं कॅफिन ते लघवीवाटे बाहेर काढत असतं. चहा तुटल्यानं डोकं दुखतं म्हणून इफ्तारनंतर आयब्युप्रोफेन घेतली, तर आणखी वाढतं. उलट तळलेलं खाऊन पोट जड झालं म्हणून गोळीबरोबरच इसबगोल घेतला, तर गोळी अंगी लागणं कमी होऊ शकतं. यातलं एकही 'औषध' म्हणून कुणी डॉक्टरांना सांगत नाही. इसबगोल काय सांगायचा! हात जोरात थरथरणं, पाय लडखडणं, जीभ जड होणं, उलट्या, ही लक्षणं दिसली तर इफ्तारची वाट बघायची नाही. तसाच दवाखाना गाठायचा.

मग बायपोलरच्या माणसानं रोजा ठेवायचाच नाही का? एका शब्दात उत्तर देता येत नाही. कासाब्लांकाच्या डॉक्टरांनी रमजानमध्ये लिथियमवरच्या २० रुग्णांवर लक्ष ठेवलं, त्यातले ९ जण पुन्हा आजारी पडले, बहुतेक उन्मादानं. त्यांच्या रक्तातल्या लिथियमशी त्याचा संबंध लागला नाही. संशोधकांचं बोट दिवसाच्या बदललेल्या लयीकडं होतं, म्हणजे झोपेच्या, जेवणाच्या, उठण्याबसण्याच्या. पेशावरला ६२ रुग्ण पाहिले, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथं ना पातळी फारशी हलली, ना तब्येती बिघडल्या. म्हणजे ज्याचा त्यानं डॉक्टरांशी बोलून ठरवायचा प्रश्न आहे, आणि ठरवायचा तो शाबानमध्ये, रमजानच्या आधीच्या महिन्यात. चंद्र दिसल्यावर नव्हे.

धर्माची अडचण इथं नाहीच. आजाऱ्याला रोज्यातून सूट कुराणातच दिलीय, सूरह बकरामध्ये. बरं झाल्यावर रोजे भरून काढायचे, आणि कायमचा आजार असेल तर प्रत्येक रोज्यामागं एका गरिबाला जेवण, त्याला फिदया म्हणतात. शुगरवाल्याला ही सूट सगळे आनंदानं देतात. इन्सुलिनची सुई दाखवली की कुणी काही विचारत नाही. मनाच्या आजाऱ्याला मात्र 'इमान मजबूत कर' सांगितलं जातं, आणि मागोमाग कुणीतरी डबा घेऊन येतं. आमच्या इमामसाहेबांना मी हे स्पष्ट बोलले. त्यांनी जुम्याच्या बयानात शुगर-बीपीच्या जोडीला 'दिमागी बीमारी' हा शब्द घेतला. एवढ्यानं एक घर तरी माझ्याकडं विचारायला आलं.

आपाचा मला राग नाही. माझं तोंड कोरडं पडतं, डोकं जड होतं, हे ऐकायला तिच्याकडं दीड तास होता, डॉक्टरांकडं पाच मिनिटं. तो दीड तासच मी विकत घेतला होता, कॅप्सूल त्याबरोबर आल्या. दवाखान्यातून सुटल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "आणखी काय काय घेता? हकीमाचं, वैद्याचं, किराणा दुकानातलं, सगळं सांगा." डोस थोडा उतरवला, वेळ रात्रीची केली. थरथर बरीच कमी झाली. प्रबंध दोन वर्षांनी पुरा झाला, दिवसाला एक पान या गतीनं. हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरांनी विचारावा, आणि नाही विचारला तर पिशवीतून डबे काढून त्यांच्या टेबलावर ठेवावेत. मी आता तेच करते. रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं म्हणून आज एक सप्लिमेंट मीही घेते. ते त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे.

यंदाही मी रोजे ठेवत नाही. पहाटे साडेतीनला भाभी स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेते, भांडी वाजू नयेत म्हणून खाली फडकं अंथरते. मी साडेपाचला उठते. संध्याकाळी खजुराची ताटली मीच लावते आणि सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसते. पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, "रोजा है?" तर पूर्वी मी बाकीच्या बायकांसारखी पाळीची सबब सांगायची. महिनाभर ती कशी पुरणार! आता सांगते, नाही, माझ्या गोळ्या चालू आहेत. कसल्या, असं विचारलं तर तेही सांगते. रक्ततपासणी पुढच्या मंगळवारी आहे.