मेंटेनन्सवाल्यांची दुर्बीण

हबल दुर्बिणीचे फोटो आपल्या हॉस्टेलच्या निम्म्या रूम्समध्ये भिंतीवर नाहीतर डेस्कटॉपवर सापडतील. ते धुळीचे रंगीत खांब, त्या चक्राकार आकाशगंगा... आपण "सही!" म्हणतो आणि परत सबमिशनला लागतो. पण मित्रांनो, या दुर्बिणीची मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट एकाही फोटोत दिसत नाही. ती म्हणजे तिचं रिपेअरिंग! हे ऐकून आमच्या रूमवर बरीच हसाहशी झाली, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. (कॉन्व्हेंटी मराठीला सांभाळून घ्या.)

मुळात दुर्बीण वर न्यायचीच कशाला? कारण आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते. चांदण्या लुकलुकतात त्या त्यामुळेच. कवी त्यावर खूश, शास्त्रज्ञ वैतागलेले! शिवाय अल्ट्राव्हायोलेट आणि बराचसा इन्फ्रारेड प्रकाश हवा खालपर्यंत येऊच देत नाही. अवकाशात दुर्बीण हवी हे लायमन स्पिट्झर यांनी १९४६ सालीच लिहून ठेवलं होतं, म्हणजे स्पुटनिक उडायच्या ११ वर्षं आधी. पुढे नासाच्या नॅन्सी ग्रेस रोमन यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि २४ एप्रिल १९९० ला २.४ मीटर आरशाची हबल एकदाची वर गेली.

आणि फोटो आले धूसर!

आरसा कडेला जेमतेम २ मायक्रॉनने जास्त घासला गेला होता. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. गंमत अशी की घासकाम अतिशय अचूक होतं, फक्त आकार चुकीचा होता. कारण आकार तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या एका साध्या उपकरणाने ही गडबड दाखवली होती, पण "ते कमी अचूक आहे" म्हणून त्याचं रीडिंग बाजूला ठेवलं गेलं. जर्नलमध्ये ग्राफवर न बसणारा पॉइंट गुपचूप खोडणाऱ्यांनी (नावं घेत नाही) हे वाक्य परत वाचावं.

पण हबल वाचली, कारण तिच्या डिझाइनमध्येच "हिला कधीतरी कोणीतरी उघडणार" हे धरलेलं होतं. पकडायला दांडे, उघडता येणारी दारं, ड्रॉवरसारखी बाहेर निघणारी उपकरणं. डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून अंतराळवीर गेले, पाच स्पेसवॉक केले, आणि टेलिफोन बूथएवढ्या पेटीत बसवलेले छोटे छोटे आरसे, म्हणजे हबलचा चष्माच, आत सरकवला. तो बसवणाऱ्या दोघांपैकी एक होती कॅथरिन थॉर्नटन. त्याच मोहिमेत वाकलेलं सोलर पॅनेल गुंडाळलं जाईना, तेव्हा तिने ते हातांनी धरून अवकाशात सोडून दिलं. मुलींनी मेकॅनिकल घ्यावं का यावर मेसमध्ये दर वर्षी तोच वाद घालणाऱ्यांना हे सप्रेम.

त्यानंतर १९९७, १९९९, २००२ आणि २००९ अशा आणखी चार फेऱ्या झाल्या. शेवटची तर रद्दच झाली होती. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले, आणि २००४ मध्ये नासाने धोका नको म्हणून हबलची मोहीम गुंडाळली. शास्त्रज्ञच नव्हे, साधी माणसंही भांडली. २००६ मध्ये निर्णय फिरला. २००९ मध्ये माइक मासिमिनोला एका उपकरणाचे शंभरावर बारीक स्क्रू काढायचे होते, तेही जाडजूड हातमोजे घालून. त्याआधीच एका दांड्याच्या स्क्रूचं डोकं झिजलं! शेवटी त्याने तो दांडा हाताने उपटून काढला. आपल्या वर्कशॉपमध्ये असलं केलं असतं तर सरांनी बाहेर काढलं असतं.

आता मुद्द्यावर येते. प्लेसमेंटला "मेंटेनन्स" प्रोफाइल आलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात. "पाने घेऊन फिरणार का?" डिझाइनवाला हुशार, मेंटेनन्सवाला उरलेला. हॉस्टेलची मोटर बंद पडली की पंपवाले काका आवाज ऐकून सांगतात बेअरिंग गेलं की इम्पेलर अडकला. आपल्याला ते व्हायवात पण सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, २०२१ मध्ये गेलेली जेम्स वेब १५ लाख किलोमीटरवर आहे, पुण्याच्या आयुकात बनलेली सूट दुर्बीण २०२३ मध्ये आदित्य-एल१ वरून तितक्याच लांब गेली, तिथे कुठला पाना? बरोबर. पण वेबच्या सनशील्डच्या आवरणाचे स्क्रू आणि वॉशर २०१८ मध्ये आवाजाच्या चाचणीत गळून पडले होते. ते इथे जमिनीवर शोधून बसवणारेही मेंटेनन्सवालेच की!

म्हणून टेक फेस्टच्या कमिटीला एक सुचवते. रोबो रेस दर वर्षी होतेच. यंदा वर्कशॉपमागे गंजत पडलेली लेथ द्या, तीन तास द्या, आणि जजच्या खुर्चीवर पंपवाल्या काकांना बसवा. माझं नाव पहिलं लिहून घ्या.