एकोणीस की अकरा?

परवा आत्या किन्हवलीहून सरळगावला डोळे तपासायला गेली आणि तशीच परत आली. शिबिर १९ तारखेला होतं, तिने ११ वाचलं. "माझेच डोळे गेले रे बाबा," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन तो फ्लेक्स पाहिला. चष्मा लावून मीही आधी ११च वाचलं!

जाडजूड, चौकोनी, कोपरे तासलेलं अक्षर. अंतराळयानावर शोभावं असं. त्यात चांगल्या पंधरा ओळी, वर पांढरी किनार, आणि फोटोंना जागा हवी म्हणून दोन्ही बाजूंनी दाबलेलं. १ आणि ९ मध्ये फरक तो केवढा, एका वळणाचा. नेमकं तेच बुजलं होतं.

आता आमचे एक मित्र म्हणतात, देवनागरीला असले नखरे शोभतच नाहीत. साफ चूक! अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा 'टेको' बघा. चौकोनी, अरुंद, ठसठशीत, शिवाय फुकट. पण तो केलाय मथळ्यांसाठी, मोठ्या आकारासाठी. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरांना काय काय नाचवलं! पण ते नाटकाच्या नावापुरतं. प्रयोगाची वेळ साध्या टायपातच असायची.

आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षरं. रेघ जाड केली की आतली पांढरी जागा संपते. घ आणि ध, भ आणि म यांना वेगळं ठेवते ती शिरोरेघेतली छोटीशी फट. ती बुजली की २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलेली आपली धसई 'घसई' होते. ब चं पोट भरलं की मुरबाडचं 'मुरवाड'.

मग हे अक्षर वापरायचं कुठे? जिथे एक-दोन शब्द लांबून वाचायचेत तिथे. गावाच्या नावाची पाटी, एसटीच्या कपाळावर 'शहापूर', कबड्डीच्या जर्सीवरचा नंबर, धरणाकाठी 'खोल पाणी'. तिथे त्याच्यासारखं दुसरं नाही. तारीख, वेळ, ठिकाण, औषधं, अटी मात्र साध्या मोकळ्या अक्षरात. एक टाइपचा 'मुक्ता' आहे की, तोही फुकटच!

"जागा नसते हो," असं फ्लेक्सवाला म्हणाला. जागा होती. तिथे अकरा जणांचे हसरे चेहरे होते. दोन कमी केले असते तर तारीख मावली असती.

१९ला आत्याला मीच घेऊन गेलो. मोतीबिंदू निघाला. म्हणजे दोष थोडा तिच्या डोळ्यांचाही होता म्हणायचा. पण डोळ्यांच्या शिबिराची पाटी मोतीबिंदूवाल्यांनी नाही वाचायची, तर कोणी?

असो. पुढचा फ्लेक्स लावाल तेव्हा छापण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दहा पावलांवरून वाचायला सांगा. एवढंच.