ट्रॉलीला घडीची पायरी हवीच

उसाचा हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरमालक ट्रॉलीचे टायर बघतात, फाळक्याला रंग देतात, हौसेने नवा टेपही बसवतात. ट्रॉलीत चढणारे माणूस मात्र कुणाच्या यादीत नसते. हौदा जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच. ऊस रचायला किंवा दोर आवळायला मजूर चढतो तो चाकाच्या नटावर पाय देऊन, टायरवरून. साडी नेसलेल्या बाईने पहाटेच्या दवात हे कसे करावे? नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातल्या एकाचा पाय मोडला तर मुकादमाची उचल फिटायची कशी?

कायमची पायरी टिकत नाही, हे मालकांचे म्हणणे खरे आहे. ती बांधाला अडते नि वाकते. म्हणून घडीची करा. चौकोनी पाइपमध्ये पाइप सरकणारी पायरी दिसायला छान, पण चिखल शिरला की जाम होते. त्यापेक्षा बिजागरीची बरी.

दीड इंची अँगलची दोन फूट उंच, सव्वा फूट रुंद चौकट करून तिला दोन पायऱ्या जोडाव्यात. खालची पायरी जमिनीपासून १५ इंचांवर यावी, त्याहून उंच नको. पायरीला सपाट पत्रा न लावता १२ मिमीच्या तीन सळया फटी ठेवून जोडा, म्हणजे चिखल खाली पडतो. चौकट हौद्याच्या कडेला जाड बिजागऱ्यांनी अडकवावी. ती बाहेरून वर उचलून फाळक्याला चिकटवायची. खाली सोडल्यावर पायाच्या दाबाने ती आत जाऊ नये म्हणून मागे अँगलचा टेकू द्या. वर केल्यावर साखळीची पिन, शिवाय दुसरी कडी हवीच. रस्त्यात पायरी सुटली तर शेजारच्या मोटारसायकलवाल्याचा जीव जाईल. हाताला धरायला फाळक्यावर एक इंची पाइपची उभी मूठ लावा.

जागा चाकाच्या मागे निवडा. पुढे असली आणि ट्रॅक्टर अचानक हलला, तर पडलेले माणूस थेट चाकाखाली.

ट्रकवाल्यांनी चेसिसला वेल्डिंग करू नये, लोखंड कमजोर होते. बॉडीच्या आडव्या पट्टीला बोल्टने बसवावी. कुठेही वेल्डिंग करताना आधी बॅटरीच्या वायरी काढा. घडी केलेली पायरी नोंदणीतल्या रुंदीबाहेर जाणार नाही हे पाहा. शंका असेल तर आरटीओत विचारून घ्या. तयार झाल्यावर सिमेंटची ५० किलोची तीन पोती एका पायरीला टांगून बघा. वाकली तर पुन्हा वेल्डरकडे.

उतरताना तोंड गाडीकडे, उडी नाही. डोक्यावर मोळी घेऊन चढायची शिडी वेगळी. तिचे काम या पायरीवर ढकलू नका. आणि पायरी झाली म्हणून ट्रॉलीत माणसे भरून नेण्याची मुभा मिळत नाही, ट्रॉली मालासाठीच आहे.

एका नव्या टायरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. तरी सगळे मालक आपणहून करतील असे वाटत नाही. साखर कारखान्यांनी तोडणी-वाहतुकीच्या करारातच ही अट घालावी. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनी गाळप सुरू होण्याआधी गावातल्या ट्रॅक्टरमालकांना एकदा बोलावून घ्यावे. एक चौकट करून दाखवली की गावचा वेल्डर बाकीच्या सहज करून देईल.